'तुमच्या पगारात दोन फ्रेशर येतात'

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा झालेली), वय ४६, मिरज. २१ वर्षं नोकरी, त्यातली १४ आयसीयूत. आमचं हॉस्पिटल कर्जापायी बंद पडलं. दोन महिन्यांचा पगार अडकला, अनुभवाचा दाखलाही मिळाला नाही. सहा ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणी माझ्या मुलाच्या वयाचा एचआरवाला म्हणाला, 'मॅडम, तुमच्या पगारात दोन फ्रेशर येतात.' मिस्टरांचं दुकानही सध्या थंडच आहे. घरी पेशंट सांभाळायची कामं घेऊ का?
– एक सिस्टर

उत्तर : सिस्टर, तो पोरगा खोटं बोलला नाही, हेच वाईट. मी ३० वर्षं वॉर्डात काढली, शेवटची नऊ मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख, म्हणून. आमचे मालकही हाच हिशेब मांडायचे. दोन फ्रेशर येतात खऱ्या. पण रात्री तीनला मॉनिटर ओरडला की आधी स्क्रीनकडे नाही, पेशंटच्या छातीकडे बघायचं, हे त्या दोघींना सांगणार कोण?

आधी कागद. पीएफ कापला जात असेल, तर ईपीएफओच्या साइटवरून सर्व्हिस हिस्टरी काढा. कधी लागलात, कधी सुटलात, त्यात दिसतं. आयसीयूतल्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी घ्या. नर्सिंग कौन्सिलचं नूतनीकरण तपासा, पाच वर्षं कधी उलटतात कळत नाही. अडकलेल्या पगारासाठी कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

आता नोकरीचा अर्ज. 'स्टाफ नर्स, २१ वर्षं अनुभव' एवढंच लिहिलंत ना? मग फ्रेशरच्याच रांगेत उभं करणार. एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन) घ्यायला निघालेल्या हॉस्पिटलला इन्फेक्शन कंट्रोल नर्स लागते. ते काम बावीस वर्षांच्या मुलीला जड जातं, कारण सर्जनला 'सर, हात धुवा' म्हणायचं असतं. (मी म्हटलं होतं एकदा. तीन आठवडे अबोला धरला त्यांनी. हात मात्र धुवायला लागले.) सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेतल्या नळीची) निगा, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं डोकं ३० अंशांवर, पिवळ्या पिशवीत कुठला कचरा आणि लाल पिशवीत कुठला, हे सगळं रोज केलंय तुम्ही. ते लिहा. अर्ज एचआरकडे टाकून येऊ नका, थेट मेट्रनला भेटा.

सरकारी कायम भरतीचं वय गेलं. जिल्हा परिषदेच्या कंत्राटी जाहिराती मात्र बघत राहा.

घरचे पेशंट? घ्या की, त्यात कमीपणा कसला! फक्त घरी नर्स पुरवणारे ब्युरोवाले आयामावशीच्या दरात सिस्टर पाठवतात, तिथे फसू नका. ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्यातून श्वासाची नळी), राइल्स ट्यूब (नाकातून अन्नाची नळी), बेडसोरचं (झोपून झालेल्या जखमांचं) ड्रेसिंग असलेलेच पेशंट मागा. पाळी बारा तासांची, चोवीसची नाही. आणि पहिल्याच दिवशी घरच्यांना हसत सांगा, 'पेशंटचं सगळं करीन, भांडी नाही घासणार.'