प्लास्टरच्या ठशापुढचे जीवाश्म

आठ ते दहा वर्षांच्या मुलांना जीवाश्म कसे तयार होतात हे कृतीतून शिकवायचे आहे, पण मातीत शिंपला दाबून त्यावर प्लास्टर ओतले की "आम्ही जीवाश्म बनवला" एवढ्यावरच मुले थांबतात, अशी आपली अडचण आहे. कृती चांगलीच आहे. ती करताना मध्ये थांबून विचारायचे प्रश्न तेवढे राहून जातात.

शिंपल्याला व्हॅसलीनचा पातळ हात देऊन तो मळलेल्या मातीत दाबावा, अलगद काढावा आणि प्लास्टर ओतण्यापूर्वी तो रिकामा खळगा मुलांच्या हाती द्यावा. हा झाला साचा. गाळात पुरलेले कवच, गाळाचा खडक झाल्यानंतर, झिरपणाऱ्या पाण्यात विरघळून गेले तर खडकात असाच खळगा राहतो, आणि पुढे त्यात खनिजे साचली तर कवचाची ओतीव प्रतिकृती तयार होते. प्लास्टर घट्ट झाल्यावर मुलांना विचारावे, "यात मूळ शिंपल्याचा किती भाग आहे?" मुले बराच वेळ विचार करतात, आणि अजिबात नाही, फक्त आकार आहे, हे त्यांचे त्यांनाच उमगते. हे उत्तर आपण आधी सांगून टाकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यानंतर "मग संग्रहालयातली हाडेही खोटी का?" हा प्रश्न हमखास येतो. काही सांगाडे खरोखरच प्रतिकृती असतात, पण अस्सल अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या, हाडाची गोष्ट वेगळी असते, आणि ती दाखवण्यासाठी स्पंज उपयोगी पडतो. हाडाच्या आकाराचा स्पंजचा तुकडा कोमट पाण्यातल्या मिठाच्या संपृक्त द्रावणात भिजवून काही दिवस वाळवला, की त्याच्या छिद्रांत मिठाचे स्फटिक भरून तो कडक आणि जड होतो. हाडातल्या आणि लाकडातल्या सूक्ष्म पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली खनिजे अशीच भरत जातात, म्हणूनच अश्मीभूत लाकडाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचनासुद्धा दिसू शकते. मात्र मीठ पुन्हा पाण्यात विरघळते आणि निसर्गातली ही क्रिया सहसा फार दीर्घ काळ चालते, हा फरक मुलांना स्पष्ट सांगावा.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची कृती मात्र तिसरी आहे, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी वगळली जाते. ओलसर वाळूच्या खोक्यात शिंपला, पान, फुलाची पाकळी आणि कागदाचा ओला बोळा पुरून ठेवावा, काय उरेल याचा अंदाज प्रत्येकाकडून लिहून घ्यावा आणि काही आठवड्यांनी खोके उघडावे. शिंपला जसाच्या तसा असतो, पाकळी कुजलेली असते. जीवाश्मांत कवचे, दात आणि हाडे इतकी का, आणि जेलीफिशसारखे मऊ जीव इतके दुर्मीळ का, हे यातून व्याख्यानाशिवाय कळते. कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकाच्या थरांत जीवाश्मांचे अभ्यासक चार्ल्स वॉलकॉट यांना 1909 साली सापडलेले सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीचे जीव एवढे महत्त्वाचे ठरले, कारण तिथे मऊ अवयवांचेही ठसे टिकले आहेत. बारीक चिखलात झटपट गाडले गेल्यामुळे त्यांना कुजायला फारसा अवसरच मिळाला नाही.

छिन्नी-हातोडीने ठोकळा फोडून डायनोसॉर बाहेर काढण्याचे तयार संच मला पटत नाहीत. त्यांतून शोधापेक्षा मोडतोडीची सवय लागते. त्याऐवजी वेगवेगळ्या रंगांच्या वाळूचे थर रचून त्यांत वस्तू पुराव्यात, वर दोऱ्यांची चौकट आखावी आणि कोणती वस्तू कोणत्या चौकोनात, कोणत्या थरात मिळाली हे मुलांनी वहीत काढल्याशिवाय ती उचलू देऊ नये. न उलटलेल्या थरांत खालचा थर अधिक जुना, हे तत्त्व डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी 1669 मध्ये मांडले, आणि अशा खोक्यात ते मुलांना स्वतः वापरता येते.

प्लास्टर मोठ्यांनीच, मास्क लावून कालवावे. दोन भाग प्लास्टरला एक भाग पाणी पुरते. घट्ट होताना ते तापते, म्हणून मुलांचा हात त्यात बुडवून ठसा कधीही घेऊ नये, आणि उरलेले प्लास्टर नळाखाली न ओतता सुकवून कचऱ्यात टाकावे. पान-पाकळी पुरलेले वाळूचे खोके आणि स्पंज यांना वेळ लागतो, तेव्हा ही दोन्ही कामे सर्वांत आधी सुरू करून शिंपल्याचा साचा मधल्या दिवसांत घ्यावा.