मडगावच्या जुन्या चिऱ्यांच्या घरात छत आणि भिंतीच्या सांध्यावर मोल्डिंगची लाकडी पट्टी बसवतोय. पट्टी टेबलावर आडवी टाकून नवीन कंपाउंड मायटर सॉवर (लाकूड कोनात कापायचं मशीन) कापतो. मशीन 45 अंशांना लावूनही कोपऱ्यात फट का राहते?

45 ला लावताय म्हणूनच फट राहतेय. तुम्ही म्हणता तसं मोल्डिंग टेबलावर आडवं टाकून कापत असाल तर 45 इथे चालतच नाही, कारण छताखाली ती पट्टी तिरकी बसते आणि किती तिरकी बसते त्यावर टेबल किती फिरवायचं म्हणजे मायटर आणि पातं किती कलतं करायचं म्हणजे बेव्हल, हे दोन्ही ठरतं. एक तुकडा गुण्यात धरून बघा, पाठच्या दोन्ही कडा गुण्याच्या दोन हातांना टेकल्या पाहिजेत. गुण्याच्या कोपऱ्यापासून दोन्हीकडे सारखं अंतर आलं तर ते 45 वालं, म्हणजे पट्टीची पाठ भिंतीशी 45 अंशांचा कोन करते, भिंतीच्या बाजूला जास्त आलं तर बहुतेक 38 वालं. कोपरा बरोबर 90 चा असेल तर 38 वाल्याला मायटर 31.6, बेव्हल 33.9 आणि 45 वाल्याला मायटर 35.3, बेव्हल 30. बऱ्याच मशीनच्या स्केलवर 31.6 ला वेगळी खाच असते ती ह्याच कामासाठी.

पण आधी मशीनचं शून्य बघा, नवीन मशीन आहे म्हणून स्केलवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. प्लग काढा, पातं खाली घ्या आणि गुण्या पात्याच्या सपाट भागाला लावा, दाताला नाही, दात थोडे बाहेर आलेले असतात. टेबलाशी एकदा आणि फेन्सशी, म्हणजे लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या पट्टीशी, एकदा. मग चारेक इंच रुंद सरळ फळी शून्यावर कापा, एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेल्या कडा एकमेकांना भिडवा, जी फट दिसेल ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते त्यामुळे बारीक फरकही लगेच कळतो. फरक आला तर फेन्सचे बोल्ट सैल करून जुळवा, बेव्हलला मागे स्टॉपचे स्क्रू असतात. पातं कलतं करायच्या आधी फेन्सचा वरचा भाग बाजूला सरकवा, नाहीतर पातं थेट त्यालाच लागेल.

आता तुमचं मडगावचं जुनं चिऱ्यांचं घर. त्या जाड हातगिलाव्याच्या भिंतीत 90 चा कोपरा सापडला तर नशीबच म्हणायचं! बेव्हल गेजने, म्हणजे कोन घ्यायच्या हलत्या पट्टीच्या साधनाने, प्रत्येक कोपरा वेगळा मोजा. समजा 92 आला, तर 38 वाल्या पट्टीला मायटर साधारण 30.7 आणि बेव्हल 33.2 लागतं. हे दशांश स्केलवर बघून लावताना डोळे दुखतात, म्हणून मी तरी पट्टी आडवी टाकतच नाही. ती उलटी करून फेन्सला टेकवून उभी धरायची, म्हणजे टेबल झालं छत आणि फेन्स झाली भिंत, मग बेव्हल शून्यच राहतो आणि मायटर म्हणजे 90 वजा कोपऱ्याचा निम्मा, 92 ला 44. फक्त पट्टी घसरू नये म्हणून टेबलावर पुढे एक लाकडी ठोकळा क्लॅम्प करा, आणि तुमच्या पात्याची उंची एवढ्या रुंद पट्टीला पुरते का ते आधी बघून घ्या.

बाकी नेहमीचंच, पातं फुल स्पीडला आल्यावरच लाकडाला लावायचं, पूर्ण थांबल्यावरच वर घ्यायचं, हात लांब. 60 ते 80 दातांचं पातं असेल तर कड साफ येते. पहिला कट टाकाऊ तुकड्यावर, आणि खरी पट्टी थोडी लांब ठेवून मग तासत तासत मापाला आणायची.

आणि आतल्या कोपऱ्यांना मायटर मारूच नका असं माझं मत. एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत न्या, दुसरीला मायटर मारून त्या नक्षीची जी कड दिसते ती कोपिंग सॉने (बारीक पात्याची हातकरवत) थोडी आत झुकवून कापा आणि पहिलीवर बसवा. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं आणि मार्च-एप्रिलात आकसतं, तेव्हा मायटरचा जोड लगेच उघडा पडतो, ह्या जोडात ती फट फारशी दिसत नाही. मायटर बाहेरच्या कोपऱ्यांना ठेवा, तिथे दुसरा इलाज नाही.