वाचकांचे प्रश्न: डॉक्टरांच्या पात्रतेची पडताळणी आणि तिचा अभ्यास

प्रश्न: मी सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करण्यासाठी डॉक्टरांना चर्चासत्रे, कार्यशाळा अशा शिक्षण कार्यक्रमांना हजर राहून ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. या सक्तीमुळे डॉक्टरांचे काम खरोखर सुधारते का, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. मार्गदर्शकांच्या मते तीनशे डॉक्टरांकडून प्रश्नावली भरून घ्यावी; मला मात्र मोजक्या डॉक्टरांशी सविस्तर बोलावेसे वाटते. कोणती पद्धत अधिक शास्त्रीय ठरेल?
एक वाचक, सोलापूर

उत्तर: दोन्ही पद्धती शास्त्रीय आहेत, परंतु आपला प्रश्न सध्या ज्या रूपात मांडला आहे, त्या रूपात तो दोहोंपैकी कोणत्याच पद्धतीने सुटणार नाही. ‘काम सुधारते का’ या शब्दांत तीन वेगळे प्रश्न आहेत. किती डॉक्टर हे पॉइंट वेळेत मिळवतात आणि कोणत्या कार्यक्रमांतून, हा पहिला. त्या कार्यक्रमांमुळे त्यांच्या विचारांत व सवयींत काय बदलते, हा दुसरा. आणि त्या बदलाचा रुग्णाला काही लाभ होतो का, हा तिसरा. पहिल्यासाठी मोजणी हवी, दुसऱ्यासाठी मुलाखती व निरीक्षण हवे, आणि तिसऱ्यासाठी तुलना हवी, जी सर्वांत अवघड आहे.

मोजणी सोपी वाटते, पण तिथेच अनेक प्रबंध फसतात, कारण टक्केवारी काढताना भाजक कोणता घ्यावा याचा विचार झालेला नसतो. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार जून २०२२ पर्यंत देशात १३,०८,००९ ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंद होती. मात्र लोकसंख्येशी प्रमाण काढताना त्यांपैकी ८० टक्केच उपलब्ध आहेत, असे सरकारनेच गृहीत धरले. निधन पावलेले, परदेशी गेलेले किंवा व्यवसाय सोडलेले डॉक्टर नोंदवहीत तसेच राहतात, तर काहींची नावे दोन राज्यांत असतात. नूतनीकरणाच्या अटीमुळे महाराष्ट्रातील नोंदवही अधिक अद्ययावत राहण्यास मदत होते, हे खरे. तरीही ज्याने नूतनीकरण केले नाही तो डॉक्टर हयात नाही, परदेशात आहे, की नूतनीकरण न करताच रुग्ण तपासत आहे, हे केवळ यादीवरून कळत नाही. त्या तिघांना एकाच रकान्यात टाकून काढलेली टक्केवारी दिशाभूल करते.

तुलनेच्या बाबतीत अमेरिकेतील एक अभ्यास आपण अवश्य पाहावा. तेथील अंतर्गत वैद्यकाच्या (इंटर्नल मेडिसिन) प्रमाणन मंडळाने, म्हणजे तज्ज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने, १९९० पासून नवी प्रमाणपत्रे मुदतीची केली, म्हणजे ती टिकवायला पुन्हा परीक्षा आली, आणि त्यापूर्वीची कायमची ठेवली. त्यामुळे एकाच प्रकारच्या रुग्णालयांत, फेरपरीक्षेची सक्ती असलेले आणि नसलेले, असे दोन गट आपोआप तयार झाले. माजी सैनिकांच्या चार रुग्णालयांतील १०५ डॉक्टरांच्या कामाची दहा निकषांवर तुलना करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लक्षणीय फरक आढळला नाही. नमुना लहान होता आणि दोन्ही गटांच्या वयातही स्वाभाविक अंतर होते, म्हणून या एका निष्कर्षावर फार भार टाकू नये. पण गटांची विभागणी नियमाने केली होती, डॉक्टरांच्या आवडीने नव्हे, हे त्याचे बळ आहे. आपल्या प्रश्नावलीत मात्र जास्त कार्यक्रमांना जाणारे डॉक्टर मुळातच जिज्ञासू असण्याचा संभव आहे, आणि त्यांचे चांगले काम पॉइंटमुळे की जिज्ञासेमुळे, हे तीनशेच काय, तीन हजार अर्जांतूनही वेगळे करता येणार नाही.

म्हणून प्रबंधाचा प्रश्न लहान करावा: ही अट प्रत्यक्षात कशी पाळली जाते? आधी एका जिल्ह्यातील पंधराएक मुलाखती घ्याव्यात आणि त्यांत तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणारे, शहरातील तज्ज्ञ आणि शासकीय वैद्यकीय अधिकारी, हे तिन्ही असावेत. ‘या कार्यक्रमांचा उपयोग होतो का’ असे विचारू नये, कारण बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. त्याऐवजी असे विचारावे: ‘तुम्ही ज्या कार्यक्रमाला शेवटचे गेलात तो आठवा. त्या दिवशी दवाखाना कोणी सांभाळला? पुढच्या आठवड्यात कोणत्या रुग्णाच्या बाबतीत तिथले काही आठवले?’ या उत्तरांतून जे मुद्दे पुन्हापुन्हा येतील, त्यांवरच मार्गदर्शकांनी सुचवलेली प्रश्नावली बेतावी. या क्रमाने गेल्यास तीनशे अर्जांचे श्रम सार्थकी लागतील.

प्रश्न: मध्य प्रदेशातील एका पाहणीत पदवीधर आणि पदवी नसलेले डॉक्टर यांच्यात फारसा फरक आढळला नाही, असे वाचले. मग पदवी पडताळण्याला अर्थ काय?
एक वाचक, अमरावती

उत्तर: अर्थतज्ज्ञ जिष्णू दास व सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन रुग्ण म्हणून पाठवले गेले आणि डॉक्टरने काय विचारले, काय तपासले व कोणते औषध दिले, याची नोंद घेतली गेली. ग्रामीण मध्य प्रदेशातील नमुन्यातल्या ६७ टक्के उपचारकर्त्यांनी आपल्याकडे कोणतीही वैद्यकीय पात्रता नसल्याचे स्वतःच सांगितले. ठरावीक तपासणी करण्याबाबत दोन्ही गटांतील अंतर थोडेच होते, आणि अचूक निदान एकूणच दुर्मिळ होते.

हे निष्कर्ष गंभीर आहेत, परंतु ही पाहणी मोजक्या आजारांसाठीच्या पहिल्या भेटीपुरती होती. शस्त्रक्रिया किंवा अतिदक्षता विभागातील उपचार यांविषयी ती काही सांगत नाही. पुढे २०१६ मधील अभ्यासात असे दिसले की, तेच शासकीय डॉक्टर स्वतःच्या खासगी दवाखान्यात अधिक लक्ष देऊन तपासतात. पदवी तीच, माणूस तोच, आणि तरी काम वेगळे! पदवीवरून डॉक्टरला काय येते याचा अंदाज बांधता येतो. तो ते करतो का, हे जागा, वेळ आणि जबाबदारी यांवर अवलंबून असते. माझ्या मते पडताळणी अनावश्यक आहे असे यातून सिद्ध होत नाही. ती पुरेशी नाही, एवढेच सिद्ध होते. असे का घडते, हे समजण्यासाठी दोन्ही ठिकाणी डॉक्टरांशेजारी बसून, नैतिकता समितीची मान्यता व सर्वांची संमती घेऊन, केलेले निरीक्षणच उपयोगी पडेल.

प्रश्न: आमच्या रुग्णालयात नव्या डॉक्टरांची कागदपत्रे तपासून कोणत्या शस्त्रक्रियांची मुभा द्यायची, हे एक समिती ठरवते. या कामाचा अभ्यास कसा करावा?
एक प्रशासक, नाशिक

उत्तर: प्रथम गेल्या दोन वर्षांतील सर्व फायली काढून प्रत्येकीत चार गोष्टी नोंदवाव्यात: परिषदेच्या नोंदणीची मुदत चालू आहे का, पदवीची खातरजमा थेट विद्यापीठाकडून वा परिषदेकडून झाली की केवळ झेरॉक्स प्रतीवर भागवले, मागितलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी अनुभवाचा पुरावा जोडला आहे का, आणि डॉक्टर प्रत्यक्ष रुजू झाल्याची तारीख समितीच्या मंजुरीच्या आधीची आहे की नंतरची. शेवटच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मंजुरीआधीच काम सुरू झाले असेल, तर समितीची बैठक ही औपचारिकता ठरते. त्यानंतर सदस्यांच्या मुलाखती घ्याव्यात, मात्र त्या आपण स्वतः घेऊ नयेत. प्रशासकासमोर कनिष्ठ सदस्य मोकळेपणाने बोलणार नाहीत, तेव्हा हे काम रुग्णालयाबाहेरील संशोधकाकडे सोपवावे आणि सदस्यांची नावे आपल्यालाही कळणार नाहीत, अशी लेखी हमी त्यांना आधीच द्यावी.