बारावीच्या गणिताला शिकवणीचे किती तास पुरतात?

प्रश्न : माझी मुलगी चिपळूणजवळच्या गावातून एसटीने कॉलेजला जाते. दहावीला गणितात १०० पैकी ९४ होते. अकरावीचे प्रवेश लांबले, वर्ग ऑगस्टमध्ये सुरू झाले आणि शेवटचे धडे घाईत उरकले. वार्षिक परीक्षेत गणितात ८० पैकी ४१ मिळाले. आता बारावी (राज्य मंडळ, इंग्रजी माध्यम). कॉलेजात गणिताच्या आठवड्याला ४० मिनिटांच्या सहा तासिका आहेत. एक क्लास ‘गणिताचे ५०० तास’ देतो म्हणतो. तिन्ही विषय मिळून रोज दुपारी २ ते ६, आठवड्याचे सहा दिवस. गावातले एक निवृत्त सर आठवड्यातून दोन दिवस दीड-दीड तास शिकवायला तयार आहेत. तिला सीईटीतून कम्प्युटर इंजिनीअरिंगला जायचं आहे. गणित शिकवायला खरंच किती तास लागतात? कुठे पाठवू? – एक आई

उत्तर :

ताई, आधी त्या ५०० तासांचा हिशेब करू. रोज चार तास, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला २४ तास. जूनच्या मध्यापासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत साधारण २७ आठवडे होतात. गणपती आणि दिवाळीचे तीन वजा केले तर उरतात २४. चोवीस गुणिले चोवीस ५७६, आणि तेही तिन्ही विषयांचे मिळून. गणिताच्या वाट्याला १९२ तास येतात. ५०० हा आकडा टेस्ट, पेपर चर्चा, क्रॅश कोर्स आणि ‘बसून अभ्यास’ धरल्याशिवाय जमत नाही. त्यात फसवणूक आहे असं लगेच म्हणत नाही, पण ते शिकवणीचे तास नव्हेत.

मग लागतात किती? वेगवेगळ्या मंडळांनी या पातळीच्या गणिताला कागदावर किती वेळ धरला, ते पाहिलं की अंदाज येतो. सीबीएसईच्या बारावी गणिताच्या अभ्यासक्रमात २४० तासिका धरलेल्या होत्या; ४० मिनिटांची तासिका धरली तर १६० तास. त्यातल्या ८० तासिका एकट्या कॅल्क्युलसला (डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन वगैरे) होत्या. आयबी या आंतरराष्ट्रीय मंडळात हायर लेव्हल गणिताला दोन वर्षांत मिळून २४० तास आहेत, म्हणजे वर्षाला १२०. इंग्लंडच्या ए-लेव्हलला (आपल्या अकरावी-बारावीसारखी पातळी) दोन वर्षांचे ३६० मार्गदर्शित, म्हणजे शिक्षकांसोबतचे तास, वर्षाला १८०. अभ्यासक्रम वेगळे आहेत, पण आकडे वर्षाला १२० ते १८० च्या आसपासच फिरतात.

आता तुमच्या मुलीच्या कॉलेजकडे या. त्याच २७ आठवड्यांतून गणपतीचा एक, दिवाळीचे दोन, चाचणी आणि सहामाही मिळून दीड-दोन आठवडे गेले. जुलैत पाऊस किती दिवस कॉलेज बंद ठेवेल ते चिपळूणकरांना मी काय सांगणार. सरासरी २२ आठवडे हाती राहतात. सहा तासिकांप्रमाणे १३२ तासिका, म्हणजे ८८ तास.

राज्य मंडळाच्या बारावीच्या दोन भागांत मिळून १५ प्रकरणं आहेत. मध्यम ते बऱ्या विद्यार्थ्याला समजेल अशा वेगाने शिकवायचं तर मी तासांची वाटणी अशी करेन. पहिल्या भागात लॉजिक ५, मॅट्रिक्स ६, ट्रिगोनोमेट्रिक फंक्शन्स १०, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स ६, व्हेक्टर्स ११, लाइन अँड प्लेन ९ आणि लिनिअर प्रोग्रामिंग ४, एकूण ५१. दुसऱ्या भागात डिफरन्सिएशन १२, त्याची ॲप्लिकेशन्स १०, इनडेफिनिट इंटिग्रेशन २०, डेफिनिट ८, क्षेत्रफळ ३, डिफरन्शियल इक्वेशन्स ९, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन ६ आणि बायनोमिअल ३, एकूण ७१. बेरीज १२२ तास. हा मंडळाचा आकडा नव्हे, माझा अंदाज आहे. पाच-दहा तास इकडेतिकडे होतील.

इंटिग्रेशनला २० तास पाहून दचकू नका. डिफरन्सिएशनमध्ये नियम लावत गेलं की उत्तर येतं. इंटिग्रेशनमध्ये कोणता नियम लावायचा हेच आधी ठरवावं लागतं. छेदात एक्सचा वर्ग अधिक ४ आहे असं समजा. अंशात १ असेल तर टॅन इन्व्हर्सचं सूत्र, अंशात एक्स असेल तर छेदाला टी मानून लॉग, अंशात एक्सचा वर्ग असेल तर आधी भागाकार. आणि छेदात अधिकच्या जागी वजा आलं की लॉगचं वेगळंच सूत्र. दिसायला चारही सख्खी भावंडं. पुस्तकात प्रत्येक उदाहरणसंग्रह एकेका पद्धतीच्या मागे येतो, त्यामुळे सोडवताना पद्धत आधीच माहीत असते. पेपरात ती कोणी सांगत नाही. म्हणून २० पैकी ६ तास सब्स्टिट्यूशन, ५ तास ठरावीक सूत्रांचे प्रकार, ४ बाय पार्ट्स, ३ पार्शल फ्रॅक्शन्स आणि शेवटचे २ तास सगळं मिसळून, लेबल न लावता. वेळ कमी पडला की नेमके हे शेवटचे दोन तास कापले जातात. ‘घरी सगळं येतं, पेपरात काही सुचत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथून निघते.

पण तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला आकडा ५०० नाही, ४१ आहे. दहावीला ९४ आणि अकरावीला ८० पैकी ४१, म्हणजे मुलगी कच्ची नाही. पाया घालायच्या वर्षी वेळ मिळाला नाही. हे बारावीत कुठे कुठे अडेल ते सांगतो. ट्रिगोनोमेट्रीची सूत्रं पाठ नसली तर इंटिग्रेशनचं अर्धं प्रकरण आणि इन्व्हर्स फंक्शनचं डिफरन्सिएशन दोन्ही अडतात. फंक्शनला इन्व्हर्स कधी असतो हे अकरावीत सुटलं असेल, तर साइन इन्व्हर्सची किंमत उणे ९० ते ९० अंशांतच का घ्यायची हे बारावीत कळत नाही, आणि ती दोन एक्स छेद एक अधिक एक्सच्या वर्गाचं साइन इन्व्हर्स सरळ दोन टॅन इन्व्हर्स एक्स असं लिहून मोकळी होईल. ते एक्स उणे १ ते १ मध्ये असतानाच खरं आहे. त्याबाहेर डेरिव्हेटिव्हचं चिन्हच उलटतं. सरळ रेषेचा उतार पक्का नसेल तर पेअर ऑफ लाइन्स आणि स्पर्शिकेची उदाहरणं पाठांतर होऊन बसतात.

या दुरुस्तीला वेगळे २० तास काढा, आणि ते जून-जुलैतच काढा : ट्रिगोनोमेट्री ६, सरळ रेषा आणि वर्तुळ ४, फंक्शन्स ३, लिमिट आणि डिफरन्सिएशनची सुरुवात ४, परम्युटेशन-प्रोबॅबिलिटी ३. सीईटीलाही याचा थेट उपयोग आहे. गणिताच्या ५० प्रश्नांपैकी साधारण १० अकरावीवर असतात, प्रत्येक प्रश्न २ गुणांचा.

आता १२२ आणि २० मिळून १४२ झाले. कॉलेजचे ८८ गेले की तूट ५४ तासांची. निवृत्त सरांचे आठवड्याला ३ तास, दिवाळी-गणपती सोडून २४ आठवडे, म्हणजे ७२. तूट भरून शंकांसाठी १८ तास उरतात. माझं मत सरळ आहे : कॉलेज आणि सर. क्लास नको. मात्र दोन अटी आहेत.

पहिली, कॉलेजच्या तासिका खरोखर होत असल्या पाहिजेत. जून-जुलैच्या सहा आठवड्यांत तिला वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि शिकवलेला भाग लिहायला सांगा. ३६ पैकी ३० च्या वर तासिका झाल्या तर चिंता नाही. २० च्या खाली आल्या तर वर्षाचे ८८ तास पन्नासच्या आत येतील. मग सरांकडे दोनाचे तीन दिवस करा. फीच्या गप्पा त्यांच्याशी आत्ताच करून ठेवा, ऑगस्टमध्ये अवघडल्यासारखं होतं.

दुसरी अट, सरांनी पुन्हा पहिल्या धड्यापासून सगळं शिकवू नये. लॉजिक, मॅट्रिक्स, लिनिअर प्रोग्रामिंग, बायनोमिअल कॉलेजवर सोडा. सरांनी अकरावीची दुरुस्ती, इंटिग्रेशन, व्हेक्टर्स, ट्रिगोनोमेट्री आणि डिफरन्शियल इक्वेशन्स घ्यावीत. एकच धडा दोन ठिकाणी फळ्यावर पाहिला की मुलांना तो आला असं वाटतं. हातात पेन घेतलं की कळतं.

क्लासला नको म्हणण्याचं मुख्य कारणही तेच. शिकवणीच्या प्रत्येक तासाला स्वतः सोडवण्याचा निदान पावणेदोन तास लागतात. १२२ तासांना म्हणजे २१० ते २२०. जून ते जानेवारी ३२ आठवडे धरले तर आठवड्याला ७ तास, सहा दिवस रोज सव्वा तासाच्या आत. सकाळी कॉलेज, २ ते ६ क्लास, मग एसटीची वाट, असा दिवस असेल तर घरी पोचेपर्यंत साडेसात. जेवण झाल्यावर राहतात दोन तास. त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, जर्नल आणि डोळ्यांवर झोप. गणिताला रोज ३०-४० मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. १९२ तास ऐकायचं आणि शंभरेक तास सोडवायचं, हे प्रमाण उलटं आहे. शहरात क्लासच्या शेजारी राहणाऱ्या मुलाचं गणित वेगळं असू शकतं.

शिकवणी कमी पडते आहे की सराव, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. धडा झाल्यावर आठवड्याभराने त्यातली ३० उदाहरणं, क्रम मोडून, पुस्तक बंद ठेवून सोडवायला द्या. चुकलेल्या प्रत्येक उदाहरणापुढे तिनेच तीनपैकी एक खूण करायची. ‘क’ म्हणजे संकल्पनाच कळलेली नाही. ‘स’ म्हणजे उत्तर पाहिल्यावर लगेच कळलं, पण सुरुवात सुचली नव्हती. ‘ग’ म्हणजे गडबड : चिन्ह सुटलं, डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये टी मानला पण लिमिट्स एक्सच्याच ठेवल्या. सरांचा तास फक्त ‘क’वर खर्च व्हावा. ‘स’ जास्त असतील तर मिश्र सराव वाढवायचा. ‘ग’साठी कोणत्याही शिक्षकाचा तास वाया घालवू नका, तिथे पायऱ्या पूर्ण लिहिण्याची सवय लागते. ३० पैकी ‘क’ सहाच्या वर गेले तरच धडा पुन्हा शिकवायला हवा.

बोर्ड आणि सीईटीचा वेग वेगळा आहे, तोही लक्षात असू द्या. बोर्डात ३ तासांत ८० गुण आणि पायऱ्यांना गुण. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. चुकीला वजा गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. २०० पैकी १०० गुण गणिताचे असल्याने कम्प्युटरची जागा बहुतांशी इथेच ठरते. पण घड्याळ लावून सराव जूनपासून नको. डिसेंबरपर्यंत पायऱ्या लिहून सोडवू द्या, जानेवारीत बोर्डाचे आठ पेपर पूर्ण तीन तास बसून, आणि बोर्ड संपल्यावर सीईटीच्या टेस्ट. त्या वेळी एखादी टेस्ट सिरीज जरूर घ्या. क्लासचा तेवढा भाग पैसे देण्यासारखा असतो.

जेईई मेनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण क्लासवाले विचारतील. त्याला अकरावीचा बराच मोठा भाग पक्का लागतो आणि पहिलं सत्र जानेवारीत असतं. आत्ताच्या स्थितीत जानेवारीसाठी धावलं तर बोर्ड आणि सीईटी दोन्हींचा वेळ जाईल. एप्रिलच्या सत्राला बसायचं असेल तर बसू दे, वेगळी तयारी न करता.

सरांकडे पहिल्या दिवशी जाताना अकरावीची वार्षिक उत्तरपत्रिका कॉलेजकडून पाहायला मिळाली तर तिने कुठे गुण गेले ते टिपून न्यावं. ती मिळाली नाही तर प्रश्नपत्रिका तरी न्यावी. ते २० तास कुठे घालायचे, हे त्यावरून त्यांना अर्ध्या तासात कळेल.