आभार आणि हिशेब एकाच वहीत नको

पत्र

प्रिय मावशी,

आम्ही वाई तालुक्यातले. माझं वय ३८, हे सहकारी बँकेत आहेत. चौदा महिन्यांपूर्वी संध्याकाळी साताऱ्याहून मोटारसायकलवर घरी येताना पाचवड फाट्याच्या अलीकडे उलट्या बाजूनं आलेल्या कारनं यांना उडवलं. हेल्मेट होतं म्हणून जीव राहिला, असं डॉक्टर म्हणाले. डोक्याच्या पुढच्या बाजूला मार होता आणि मांडीचं हाड मोडलं होतं. त्याच रात्री कवटीचा तुकडा काढून ऑपरेशन झालं, तो तुकडा तीन महिन्यांनी परत बसवला. मांडीत रॉड आहे.

आता हे काठी घेऊन चालतात, अर्धा दिवस बँकेत जातात. सगळे म्हणतात, देव तारी त्याला कोण मारी. पण हे पूर्वीसारखे नाहीत. ताटात मीठ कमी पडलं तरी ओरडतात, नंतर आठवतही नाही. मी रात्री तीन वेळा उठते. भाऊजींनी हॉस्पिटलचे चार लाख भरले. त्यांचे उपकार आहेतच, पण ते आणि जाऊबाई येता-जाता ऐकवतात. सासूबाईंचा नवस आहे की मुलगा स्वतःच्या पायानं मांढरदेवीच्या पायऱ्या चढेल. आता त्यांना सत्यनारायण आणि दोनशे माणसांचं जेवण घालायचंय.

मला कुणाचेच आभार मानावेसे वाटत नाहीत. एकच माणूस सोडून. त्या संध्याकाळी आमच्या मुलीनं (ती तेव्हा दहा वर्षांची होती) वही आणायला सांगायला पप्पांना फोन लावला आणि पलीकडून अनोळखी आवाज आला, "बाळा, घरात मोठं कुणी आहे का?" त्यानंच यांना पिकअपमध्ये घालून गाडी मागे वळवून साताऱ्याला नेलं. आम्ही पोचेपर्यंत तो निघून गेला होता. नर्सनं यांचे कपडे पिशवीत दिले, त्यांना ओल्या आल्याचा वास येत होता. तेवढंच त्याचं आमच्याकडे आहे.

मी कृतघ्न आहे का?

उत्तर

बाळा,

नाहीस. चौदा महिने रात्रीतून तीन वेळा उठणारी बाई कृतघ्न नसते, ती दमलेली असते. दमलेल्या माणसाच्या मनात आभार उमटत नाहीत, तिथे फक्त झोप हवी असते.

"देव तारी त्याला कोण मारी" म्हणणारी माणसं वाईट नाहीत. भेटायला आल्यावर काय बोलावं हे त्यांना सुचत नाही, म्हणून ती हे म्हणतात. पण त्या वाक्यानंतर तुला बोलायला जागाच उरत नाही. नवरा वाचला, आता रडायचं कशाला? पुढच्या वेळी कुणी म्हटलं तर "हो, वाचले, आणि घरात अजून खूप कठीण चाललंय" एवढं बोल आणि गप्प बस. दहातले आठ जण विषय बदलतील. उरलेले दोघं "काय मदत करू?" विचारतील. त्या दोघांना धरून ठेव.

आता नवऱ्याच्या ओरडण्याचं. तुझ्या पत्रातली ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते, आणि ती तू मिठासोबत एका ओळीत उरकलीस. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला की रागाला लगाम घालणारी जागाच दुखावते. आधी आपल्याला राग यायचा, तो आपण गिळायचो आणि मग बोलायचो. आता मधली गिळायची पायरी गेलेली असते. आवाज, गर्दी, थकवा, दोन माणसांचं एकाच वेळी बोलणं, याचा त्यांना खरोखर त्रास होतो. बँकेतून आल्यावर तासभर अंधाऱ्या शांत खोलीत पडू दे, टीव्ही बंद, प्रश्न बंद, आणि संध्याकाळ कशी जाते ते बघ. ते विसरतात तेही खोटं नाही. म्हणून त्यांच्या ओरडण्यात तुझ्याविषयीचं मत शोधू नकोस. पण तू ते मुकाट सोसावंस असंही मी सांगणार नाही. ज्या सर्जननं ऑपरेशन केलं त्यांच्याकडे पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा हाडाचं आणि टाक्यांचं बोलून परत येऊ नकोस. आठवडाभर एका कागदावर लिहून ने: किती वाजता, कशावरून चिडले, किती वेळ, आधी काय झालं होतं. आणि फिट येऊ नये म्हणून एखादी गोळी चालू असेल तर तिचं नाव दाखवून विचार. लेव्हेटिरासिटामसारख्या गोळीनं काही जणांची चिडचिड वाढते आणि डॉक्टर ती बदलून देऊ शकतात. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करायची नाही, फिटचा धोका असतो. त्यांनी कधी हात उगारला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर आणि मुलीला घेऊन बाजूला हो. आजार आहे हे खरं, पण तुम्ही दोघींनी सुरक्षित राहणं त्याच्याही आधी येतं.

अशा दुखापतीत बरं होण्याचा मोठा भाग पहिल्या वर्षात होतो. नंतरही सुधारणा होत राहते, फक्त ती सावकाश असते आणि रोज बघणाऱ्याला दिसत नाही. मागच्या दिवाळीला ते काय करू शकत नव्हते आणि या दिवाळीला काय केलं, एवढंच ताडून बघ.

भाऊजींवर येते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. भाऊजींचे चार लाख त्यात आहेत, पण एक गोष्ट नाही. त्या रात्री कवटी उघडायच्या संमतीपत्रावर सही कुणी केली? तू वाईहून पोचेपर्यंत वेळ गेला असणार आणि ऑपरेशन त्याच रात्री झालं. माझा अंदाज आहे, सही भाऊजींची असेल. असेल तर जरा थांबून विचार कर. डॉक्टर सांगतात, वाचतील याची खात्री नाही, वाचले तर कसे असतील तेही सांगता येत नाही, इथे सही करा. धाकटा असो की थोरला, सख्ख्या भावाच्या नावापुढे सही करणं म्हणजे काय ते त्या माणसानं कुणाला सांगितलं असेल का? आपल्याकडच्या पुरुषांना पैशांबद्दल बोलता येतं, भीतीबद्दल बोलता येत नाही. मग ते चार लाख मोजत बसतात. मी बरीच घरं पाहिली आहेत, जिथे असं झालं.

म्हणून दोन कामं कर, आणि ती वेगवेगळ्या दिवशी कर. एके दिवशी त्यांना एकटं गाठून म्हण, "भाऊजी, त्या रात्री सही तुम्ही केलीत. माझा हात चालला नसता. ते मी कधी बोलले नाही." पैशांचा शब्द काढू नकोस. सही दुसऱ्या कुणाची असेल, तर भाऊजींनी त्या रात्री जे केलं असेल ते शोध, धावपळ केली असेल, जागले असतील, आणि त्याचं नाव घे.

दुसऱ्या दिवशी कागद घे. चार लाख, तारीख, बिनव्याजी, दरमहा एवढे, आणि खाली दोघांच्या सह्या. महिना दोन हजार जमत असतील तर दोन हजार, पण ते बँकेतून जाऊ देत म्हणजे नोंद राहते. कारवाल्याच्या विम्यावर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावला असशीलच. लावला नसेल तर उद्याच वकिलाकडे जा, कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे आणि ती उलटून गेली आहे, पुढे काय करता येईल ते वकिलांनाच विचारायला हवं. हॉस्पिटलचं प्रत्येक बिल, भाऊजींनी भरलेल्याची पावतीसुद्धा, फाइलमध्ये असू दे. दाव्याचे पैसे आले की त्यातून किती भाऊजींना द्यायचे, तेही त्याच कागदावर आत्ताच लिही. कर्ज कागदावर आलं की ते फिटतं. उपकार म्हणून नुसतं बोलण्यात राहिलं तर ते कधीच फिटत नाही, दर सणाला त्यावर व्याज चढतं. जाऊबाईंनी पुन्हा काढलं तर शांतपणे म्हण, "कागद झालाय, या महिन्याचा हप्ता गेलाय."

आणि एक गोष्ट त्यांच्याकडे माग: दर रविवारची सकाळ. भाऊजींनी यायचं, भावाकडून व्यायाम करून घ्यायचा, तू बाहेर पडायचं. देवळात जा, मैत्रिणीकडे जा, नाहीतर दार लावून झोप. पैसे देणाऱ्याला घरात दुसरं काही द्यायची वाटच दिसत नसेल, तर ती दाखवून द्यावी लागते.

सासूबाईंच्या नवसाशी भांडू नकोस. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेल्या आईकडे दुसरं काय होतं? पण नवस आणि दोनशे पानं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवस मांढरदेवीच्या काळूबाईला बोललेला आहे, जेवण गावाला दाखवायचं आहे. जेवणाला ठाम नाही म्हण, कर्ज असताना पंगत घालू नये हे सासूबाईंच्या पिढीला आपल्यापेक्षा जास्त कळतं, फक्त ते त्यांच्या मुलानं नाहीतर भाऊजींनी बोलायला हवं. शिवाय दोनशे माणसांचा गोंगाट आत्ता यांना सोसणारच नाही. घरच्या घरी पाच माणसांत पूजा करा. नवसाचं म्हणशील, तर त्यात तारीख घातली होती का, हे सासूबाईंना प्रेमानं विचार. नसणार. मग फिजिओथेरपिस्टना विचार, जिना चढण्याचा सराव कधीपासून आणि किती पायऱ्यांचा. घरात माडी असेल तर तिथून सुरू करा, कठड्याला धरून. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे त्यांनी शिकवलं असेलच. "आई, आज सहा झाल्या" हे रोज संध्याकाळी सासूबाईंना सांगायचं काम यांच्याकडेच दे. पौषातल्या जत्रेच्या गर्दीत नका जाऊ. एखाद्या साध्या दिवशी जा, वर्षानं जा, दोन वर्षांनी जा. देवी थांबते.

आता तो पिकअपवाला.

माझ्या भावाला, आता तीसहून जास्त वर्षं झाली, रात्री रस्त्यावर पडलेला असताना एका ट्रकवाल्यानं उचललं आणि हॉस्पिटलच्या फाटकापाशी ठेवून तो निघून गेला. आत आला नाही. तेव्हा आत येणारा माणूस अडकायचा. पोलीस चौकी, जबाब, कोर्टाच्या तारखा, कधी कधी "तूच उडवलंस ना?" म्हणून दरडावणं. आईला त्याचा चेहरासुद्धा माहीत नव्हता. मग ती दर दिवाळीला फराळाची एक पिशवी भरून जकात नाक्यावर जायची आणि तिथे थांबलेल्या कुठल्याही एका ट्रकवाल्याला द्यायची. का ते सांगायची नाही. शेवटच्या दिवाळीपर्यंत तिनं हे केलं.

तुझा माणूस निदान आत आला होता, फोनवर बोलला होता. मधल्या काळात कायदा बदलला आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. जखमीला आणणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. म्हणजे त्यानं नाव सांगितलं नसेल तर तो त्याचा हक्क होता. शोधताना हे लक्षात ठेव.

पण शोध जरूर. हॉस्पिटलमध्ये अपघाताच्या केसची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, असते, त्यात "आणणाऱ्याचे नाव" असा रकाना असतो, कधी भरलेला असतो. पोलिसांच्या कागदांतही बघ, दाव्यासाठी वकिलांनी त्या प्रती काढल्या असतील. आणि तो आल्याचा वास! सातारा, कोरेगाव ही आल्याची पेठ आहे. त्या वेळी आलं घेऊन पुण्याकडे निघालेली पिकअप म्हणजे बहुतेक मार्केट यार्डाला जाणारी. बाजार समितीत आडत्यांना आणि हमालांना विचार, अमुक तारखेला कुणाची गाडी मध्येच मागे फिरली होती, कुणाचा माल उशिरा पोचला होता. चालक अशी रात्र विसरत नाहीत, चहाच्या टपरीवर एकमेकांना सांगतात. सोशल मीडियावर मात्र फोटो-बिटो टाकून शोधू नकोस, त्याला ते नको असेल. सापडला तर आधी निरोप पाठव, की आम्हाला फक्त बोलायचंय, कोर्टबिर्ट काही नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवणाऱ्यासाठी केंद्र सरकारचं बक्षीस आहे, २०२१ मध्ये ते ५,००० रुपयांपासून सुरू झालं आणि आता २५,००० केलं आहे. तो हो म्हणाला तर त्याबद्दल पोलीस ठाण्यात चौकशी कर. नाही म्हणाला तर विषय सोड.

शेवटचं, आणि हे तू विचारलेलंच नाहीस. त्या संध्याकाळी फोन तुझ्या मुलीनं लावला होता. तो आवाज तिनं ऐकला, तुझ्याही आधी. चौदा महिन्यांत तुझ्या पत्रातल्या प्रत्येकाबद्दल काही ना काही आहे, तिच्याबद्दल कंसात वय आहे फक्त. फोन वाजल्यावर ती दचकते का? पप्पांना यायला उशीर झाला की दारात उभी राहते का? ते ओरडतात तेव्हा कुठे जाते? झोप लागत नसेल, शाळेत मन नसेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत नंबर आहे, कुठल्याही वेळी लागतो आणि मराठीत बोलता येतं. तो तुझ्यासाठीही आहे.

आणि तिला त्या दिवशी कुठली वही हवी होती, ते तिला कुणी नंतर विचारलं का? आज विचार. मग तुम्ही दोघी दुकानात जाऊन ती घेऊन या.

तुझी,
मावशी