वाचकांचे प्रश्न : फेलोशिपमध्ये हात कधी बसतो?

प्रश्न : डॉक्टर, रेडिओलॉजीचं पीजी संपत आलंय आणि इंटरव्हेन्शनलची (एक्सरेवर बघत सुई-वायर शरीरात घालून उपचार करण्याची) फेलोशिप करायचं डोक्यात आहे. दोन टीचिंग हॉस्पिटलांत जागा मिळेल असं दिसतंय, एक अवाढव्य, केसेसचा नुसता पूर, दुसरं त्यामानाने लहान. सगळे म्हणतात मोठंच घे, मागे नाव लागतं. आणि खरं सांगायचं तर वायर धरताना माझा हात कापतो, मग हे काम मला झेपेल का?

उत्तर : आधी हाताचं बोलू, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे, हॉस्पिटलचं निमित्त. सुरुवातीला सगळ्यांचाच कापतो हो! माझा एवढा कापायचा की सुईच्या मागच्या तोंडात वायर घालताना टोक बाजूलाच आपटायचं आणि सिस्टर छताकडे बघायच्या. कृती कागदावर दोन ओळींत मावते, सुई शिरेत, सुईतून वायर, सुई बाहेर, वायरवरून कॅथेटर (बारीक नळी) आत. स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट सेल्डिंगर यांनी ती 1953 साली छापली तेव्हापासून पाया तोच. पण त्या दोन ओळी बोटांत उतरायला महिने जातात.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट सांगतो. मांडीतून वायर वर चालली होती, मध्येच अडली आणि मी जोर लावला. सर काही बोलले नाहीत, नुसतं माझ्या मनगटावर एक बोट ठेवलं. मी थांबलो, वायर थोडी मागे घेतली, फिरवली, आणि ती अलगद पुढे गेली. तसाच रेटत राहिलो असतो तर ती शिरेचं अस्तर सोलत भिंतीत घुसली असती. वायर अडली तर ढकलायचं नाही, आणि तिचं मागचं टोक कधीच सोडायचं नाही, सुटली की ती आत जाते आणि मग काढायला दुसरी केस. पुस्तकात हे सगळं आहेच की, मी परीक्षेत लिहिलंही होतं, पण मला कळलं ते त्या बोटामुळे.

म्हणून हॉस्पिटल निवडताना केसेस किती होतात हे विचारू नका, विचारा की टेबलापाशी फेलोच्या बाजूला कोण उभं असतं. हे एचओडींना विचारून उपयोग नाही, ते चांगलंच सांगणार, सध्याच्या फेलोला गाठा आणि लॉगबुक दाखव म्हणा. गेल्या महिन्यात फर्स्ट ऑपरेटर म्हणून किती आणि नुसतं असिस्ट किती? मोठ्या ठिकाणी कधीकधी असं होतं की कन्सल्टंट, त्याखाली सीनियर फेलो, त्याखाली ज्युनियर, आणि तुम्ही चौथे, तुमच्या वाट्याला वायर पुसणं. उलटही होतं, कोणीच नसतं आणि तुम्ही एकटेच शिकता, म्हणजे पेशंटच्या जिवावर शिकता. दोन्ही वाईट, पण दुसरं जास्त. आणि टिप्स (यकृतातल्या शिरा स्टेंटने जोडणं) किंवा अॅओर्टाच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) स्टेंटग्राफ्टसारख्या मोठ्या नावांवर भाळू नका. नेफ्रोस्टॉमी (मूत्रपिंडात नळी घालणं), पित्ताचा ड्रेन, बायप्सी, पोटातला पू काढणं, रोजचं काम हेच, हात यातच बसतो.

दुसरं विचारा की प्रोसीजरनंतर पेशंट कोणाचा? काही ठिकाणी रेडिओलॉजीवाला म्हणजे बोलावलेला प्लंबर, नळ दुरुस्त केला की चालला. पण ही शाखा सुरू झाली ती अशी नाही. 16 जानेवारी 1964 ला अमेरिकेतल्या पोर्टलंडला रेडिओलॉजिस्ट चार्ल्स डॉटर यांच्याकडे 82 वर्षांची बाई आली, पायाचं रक्त आटलेलं, सर्जन म्हणाले पाय कापू, ती म्हणाली नाही म्हणजे नाही. डॉटर यांनी एकात एक बसणारी कॅथेटरं घालून मांडीतली शीर रुंद केली (शीर आतून रुंद करणारा फुगा तेव्हा नव्हताच, ग्रुंटझिग या डॉक्टरांचा फुगा 1974 चा) आणि ती त्या पायावर चालत राहिली. म्हणून जिथे फेलो स्वतः कन्सेंट घेतो, संध्याकाळी वॉर्डात जाऊन जांघ दाबून बघतो, ओपीडीत पेशंट परत येतो, ते हॉस्पिटल लहान असलं तरी घ्या.

प्रश्न : माझी मुलगी रेडिओलॉजिस्ट आहे, आता ही फेलोशिप करतेय. दिवसभर एक्सरेच्या खोलीत उभी असते. पुढे मूलबाळ, डोळे, काय काय होईल या काळजीने झोप लागत नाही. ती म्हणते आई तुला कळत नाही.

उत्तर : ताई, तुम्हाला कळतंय, डोळ्यांचं तर बरोबरच ओळखलंत! डोळ्याच्या भिंगाची मर्यादा पूर्वी वर्षाला 150 मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप) सांगायचे, 2011 मध्ये किरणांपासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ती पाच वर्षांच्या सरासरीने 20 वर आणली, कारण मोतीबिंदू वाटलं होतं त्यापेक्षा कमी डोसला होतो असं दिसलं. पण घाबरून जाऊ नका, यातलं बरंचसं तिच्या हातात आहे. लेडचा ऍप्रन, थायरॉइड कॉलर, लेडचा चष्मा, छताला टांगलेली काच मध्ये ओढून घेणं. अंतर दुप्पट केलं की डोस साधारण चौथाई होतो, म्हणून फोटोंची रन घेताना दोन पावलं मागे. पेडलवरचा पाय उचलणं हे तर सगळ्यात सोपं आणि सगळ्यात विसरलं जाणारं, मॉनिटरकडे कोणी बघत नाही आणि फ्लुरो (सलग चालणारा एक्सरे) चालूच!

तिला एकच विचारा, डोसिमीटर (किरणांचा डोस मोजणारा बिल्ला) रोज लावतेस का ड्रॉवरमध्ये असतो? बरेच फेलो तो काढून ठेवतात, रीडिंग जास्त आलं तर केसेसवरून काढतील म्हणून. हे मी पाहिलंय, आणि मूर्खपणा आहे. बाळाचा विचार असेल तर तिने दिवस राहिल्याचं लवकरात लवकर कळवावं, मग ऍप्रनच्या आत पोटाशी वेगळा डोसिमीटर देतात आणि कामाची आखणी बदलते. गरोदरपणात हे काम करणाऱ्या डॉक्टर आहेत. पाठदुखीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिला दोन भागांचा ऍप्रन घ्यायला सांगा, घागरा आणि जॅकेट, म्हणजे सगळं वजन खांद्यावर येत नाही.

प्रश्न : मांडीतली शीथ (शिरेत ठेवलेली नळी) काढल्यावर किती वेळ दाबायचं? सीनियर म्हणतात दहा मिनिटं, पण माझ्या पेशंटला हेमॅटोमा (कातडीखाली रक्ताची गाठ) झाला.

उत्तर : बारीक शीथला दहा पुरतात, जाडीला वीस किंवा जास्त, रक्त पातळ असेल तर आणखी. पण दाबलं कुठे ते सांगा. कातडीवरच्या भोकावर दाबलंत तर शीर खाली वाहतच राहते, शिरेतलं भोक त्याच्या थोडं वर असतं. पंक्चरही फेमरच्या (मांडीच्या हाडाच्या) डोक्यावर हवं, खाली घेतलं तर दाबायला मागे हाडच नाही, फार वर गेलं तर रक्त पोटाच्या मागे साठतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आणि मध्ये हात उचलून बघितलंत ना थांबलं का म्हणून? घड्याळ पुन्हा शून्यापासून.