मुलीचा बुद्ध्यांक ५८ आला. दिव्यांग प्रमाणपत्र काढावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी सहा वर्षांची आहे, चाचणीत बुद्ध्यांक ५८ आला आणि डॉक्टरांनी 'सौम्य बौद्धिक अक्षमता' सांगितली. प्रमाणपत्र काढलं तर जन्माचा शिक्का बसेल, असं सासूबाई म्हणतात. आणि मोठी झाल्यावर ती बरी होईल का, असं तुम्ही विचारलंय.

प्रमाणपत्र काढा, आणि याच वर्षी काढा. माझा मुलगा आता २१ वर्षांचा आहे, त्याचा आकडा ५४ होता. आमच्या आईचंही तुमच्या सासूबाईंसारखंच म्हणणं होतं. तिचं ऐकून आम्ही पाच वर्षं घालवली, त्याची हळहळ अजून जात नाही. शिक्का कागदामुळे बसतो असं आम्हाला वाटायचं. पण कागद नव्हता तेव्हाही वर्गात त्याला 'आळशी' म्हणत होते, गल्लीतली पोरं 'येडं' म्हणत होती. शिक्का बसलेलाच होता, मदत तेवढी मिळत नव्हती.

आता त्या ५८ बद्दल. साधारण ७० च्या खाली बुद्ध्यांक आणि रोजच्या व्यवहारातही वयाच्या मानाने मागे, या दोन्ही गोष्टी असतील तरच बौद्धिक अक्षमता म्हणतात. नुसत्या आकड्यावर ठरत नाही. ती स्वतःच्या हाताने जेवते का, शी-शू सांगते का, शेजारच्या घरी एकटी जाऊन परत येते का, हे विचारून सामाजिक वाढीचा वेगळा गुणांक काढतात. तुमच्या रिपोर्टमध्ये तो आहे का बघा, नसेल तर मागून घ्या. कानांची 'बेरा' तपासणी, डोळे आणि थायरॉइड झालंय का तेही बघा. नीट ऐकूच न येणारं मूल चाचणीत मागेच पडणार.

थायरॉइडवरून आठवलं. जन्मतःच थायरॉइड कमी असेल तर बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून ते कळतं, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मेंदूचं नुकसान बहुतांशी टळतं. इतकी साधी तपासणी आपल्याकडे अजून प्रत्येक बाळाची होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बरी होईल का? ताप उतरतो तशी नाही. पण शिकेल. सौम्य गटातली बरीच मुलं नीट शिकवलं तर पाचवी-सहावीच्या पातळीपर्यंत लिहा-वाचायला शिकतात आणि पुढे थोड्या आधाराने कामही करतात. बुद्धी वाढवणारं औषध मात्र नाही. फिट्स असतील, चंचलपणा फार असेल, तर त्यावर औषधं आहेत, ती वेगळी. आम्ही एका ठिकाणी 'मेंदू तल्लख करणाऱ्या' थेंबांवर ४० हजार घालवले. तेवढ्यात दोन वर्षांची स्पीच थेरपी झाली असती.

शिकवायचं कसं ते शर्टावरून सांगतो. आमच्या विशेष शिक्षिकेने सांगितलं, शेवटच्या पायरीपासून सुरू करा. म्हणून शर्ट आम्ही घालायचो, वरची सगळी बटणं लावायचो आणि सर्वात खालचं त्याच्यासाठी ठेवायचो, कारण ते त्याला मान वाकवली की दिसायचं. सुरुवातीला तेही अर्धं काजात घालून द्यायचो, त्याने फक्त ओढायचं. पण शर्ट पुरा व्हायचा तो त्याच्या हातून, आणि लगेच शाबासकी. त्या एका बटणाला सात आठवडे लागले. मग खालून दुसरं. घाईच्या सकाळी 'आण इकडे' म्हणून आपणच पटापटा लावून टाकतो ना, त्यात मुलाचं फार नुकसान होतं. अर्धा तास लवकर उठा, पण ते काम तिचं तिला करू द्या.

प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या वेबसाइटवर, अर्ज करायचा, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. त्या दिवशी तिची झोप आणि खाणं झालेलं असू द्या. रांगेत ताटकळून पेंगुळलेलं मूल येतं तेही सांगत नाही. सौम्य गटाला ५० टक्के अक्षमता धरतात, म्हणजे सवलतींसाठी लागणारी किमान ४० टक्क्यांची अट पार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग शाळा जवळची असो की विशेष. निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. सोबत कुणी असेल तर रेल्वेत स्लीपर, थर्ड एसी अशा वर्गांत दोघांनाही ७५ टक्के सवलत आहे, वरच्या वर्गांत कमी. लहान वयात प्रमाणपत्र मुदतीचं मिळू शकतं, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणखी एक, जे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. १८ पूर्ण झाली की कायद्याने ती सज्ञान, आणि आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. आमच्या मुलाच्या खात्यावर सही कुणाची, यावर बँकेने आम्हाला तीन महिने फिरवलं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. गरज असेल तर करायचा, तिचे निर्णय तिला घेता येत असतील तर नाही. तुम्हाला अजून १२ वर्षं आहेत, पण हे नाव टिपून ठेवा.

सासूबाईंशी भांडू नका, त्यांना काम द्या. आमची आई रोज दुपारी नातवाला मटार सोलायला शेजारी बसवायची. आधी शेंगा ती फोडून द्यायची, दाणे काढायचे त्याने, 'पाच झाले की वाटीत टाक' म्हणत. पाचपर्यंतचे आकडे तो तिथे शिकला, शाळेत नाही. प्रमाणपत्रासाठी गेलो त्या दिवशी त्याचा हात धरून रांगेत तीच उभी होती.